गिळल्याचा पुरावा

सकाळी नऊला शटर अर्धं वर जातं,
आधी गोदीकडचा वारा आत येतो, मग क्लाइव्ह.
ग्रिम्सबीत मासे आता परदेशातून ट्रकनं येतात,
वाऱ्याला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी कमरेची किल्ली सोडवते.
कपाट पोलादी, भिंतीत बोल्टांनी आवळलेलं.
किल्ली माझ्याजवळच हवी, असा कायदा.
आईही जुडगा असाच खोचायची,
तिच्या कपाटात साखर असायची.

मेथाडोन. हिरवं,
मुंजीतल्या सरबतासारखं दिसायला गरीब.
निळ्या चिठ्ठीवर डॉक्टरनं आकडा
अंकात लिहिलेला, मग अक्षरात,
चेकवर लिहितात तसा.
साठ मिलिलिटर. मी मनात जोडते: फक्त.

पार्टिशनमागे तो पितो. वर पाणी.
मग मी म्हणते, बोला.
रीतच आहे तशी:
औषध तोंडात धरून बाहेर नेता येतं, विकता येतं,
तोंडात धरून बोलता मात्र येत नाही.
म्हणून रोज एक वाक्य, गिळल्याचा पुरावा.

"सीगलनं आज माझा अर्धा पाव नेला."
"तुमचं आडनाव आज नीट म्हणणार, मिसेस डूमल."
एकदा नुसतं, "खांदा."
खांद्यापासूनच सुरू झालं होतं.
हॅडॉकची खोकी, ऑपरेशन, गोळ्या,
गोळ्या बंद,
मग जे मिळेल ते.

रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही.
चूक झाली तर ती तशीच ठेवायची, वाचता येईल अशी,
आणि खाली टीप: तारीख, सही, खरं काय ते.

कऱ्हाडच्या दुकानात आप्पा मिक्श्चरच्या बाटलीला
कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचे,
एक खाच, एक डोस.
वहीत लिहायचे ती फक्त उधारी.
शिंप्याचा रमाकांत रोज खोकल्याच्या दोन बाटल्या न्यायचा.
"जुना खोकला आहे गं त्याचा," आप्पा म्हणायचे.
मी काउंटरवर बसून गृहपाठ करायचे.
तो कधी खोकलेला मला आठवत नाही.
ती टीप कुठल्या पानाखाली लिहू?

सोमवारी क्लाइव्ह आला नाही.
मंगळवारी नाही. बुधवारी नाही.
गुरुवारी नऊच्या आधीच शटरशी उभा,
नाक गळतंय, हातांवर काटा, जांभईवर जांभई.

तीन दिवस चुकले की द्यायचं नाही.
साठ आता ते साठ राहत नाहीत,
शरीर विसरलेलं असतं,
आणि जुना आकडा त्याला पेलत नाही.
हे मला पाठ आहे. त्यालाही.
तरी तो कपाटाकडे बघतो,
आणि मी, त्याच्याकडे बघायचं टाळून,
क्लिनिकला फोन लावते.

फोनमध्ये कुणीतरी पियानो वाजवतंय.
तुमचा कॉल महत्त्वाचा आहे.

मी "बोला" म्हटलेलं नव्हतं.
तोंड रिकामं होतं त्याचं, तरी तो बोलायला लागला:
आईला हलच्या हॉस्पिटलात नेलं,
शेवटची बस गेली,
मग तिथंच राहिलो, मग ती गेली,
चौतीस वर्षं फिशफिंगर भरले तिनं पुठ्ठ्यात,
घरी कधी आणले नाहीत,
म्हणायची, आत काय असतं मला माहितीय.
तो हसला. मीही, चुकून.
पियानो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

अखेर एक नर्स: सव्वाअकराला पाठवा,
डॉक्टर बघतील, बहुतेक कमीपासून सुरुवात.
आता वाजलेत नऊ वीस.

क्लाइव्ह फ्लूच्या लशीच्या पोस्टरखाली
खुर्चीत बसतो, कोट अंगाभोवती ओढून.
मी त्याला कागदी कपात पाणी देते, नुसतं पाणी.
मुळव्याधीचं मलम हवं असलेल्या बाई
त्याच्यापासून दोन पावलं लांब सरकतात.

रजिस्टर उघडते. बाटली मोजते.
शिल्लक तेवढीच.
किल्ली पुन्हा कमरेला खोचते.
आज ती टोचते आहे.